अभ्रकपत्रावरील मेदपटल : निर्मिती, परीक्षण आणि आपल्या दाव्यांची मर्यादा

आयुर्वेदीय स्नेहकल्पांचे कार्मुकत्व आधुनिक परिभाषेत मांडण्याचा प्रयत्न आज सर्वत्र होत आहे. सिद्धघृतांच्या माहितीपत्रकांत एक युक्तिवाद हमखास आढळतो : पेशीचे आवरण मेदमय असते, घृतही मेदमय आहे, म्हणून घृतातील औषध पेशीत सहज प्रवेश करते. आष्टा येथील आमच्या लहानशा औषधशाळेच्या पत्रकावरही या आशयाचे वाक्य आम्ही काही वर्षे छापीत होतो. एकदा औषधनिर्माणशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने ते पत्रक वाचून आम्हांस विचारले, “हे कोणी पाहिले, आणि कशावर पाहिले?” प्रश्नात उपरोध नव्हता, जिज्ञासा होती. तथापि आम्हांस उत्तर देता आले नाही.

त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना आमचा परिचय एका वेगळ्याच तंत्राशी झाला. काचेच्या किंवा अभ्रकाच्या पृष्ठभागावर पेशीच्या आवरणासारखे कृत्रिम मेदपटल तयार करावयाचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे निरीक्षण करावयाचे, असे हे तंत्र आहे. औषध पटलाशी कसे वागते, हे प्रत्यक्ष पाहण्याच्या मार्गांपैकी हा एक प्रमुख मार्ग होय. हे पटल कसे तयार करतात, ते नीट झाले हे कसे ओळखतात, आणि त्यावरून काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही, याची ओळख वैद्यवर्गास व औषधशाळाचालकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पेशीपटलाचे स्वरूप

पेशीचे आवरण प्रामुख्याने फॉस्फोलिपिड नावाच्या मेदद्रव्यांचे बनलेले असते. या द्रव्याच्या प्रत्येक रेणूस एक जलस्नेही शीर्ष आणि दोन जलद्वेषी पुच्छे असतात. असे असंख्य रेणू पाण्यात एकत्र आले की ते आपोआप दोन थरांत रचले जातात. शीर्षे दोन्ही बाजूंस पाण्याकडे राहतात आणि पुच्छे आत एकमेकांकडे वळतात. यालाच द्विस्तरी पटल म्हणतात. त्याची जाडी सुमारे ४ ते ५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी असते. नेहमीच्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकास सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा लहान अंतर वेगळे दाखविता येत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या पटलाच्या अभ्यासासाठी इतका खटाटोप का करावा लागतो ते समजते.

आवरण दोन थरांचे असते ही कल्पना १९२५ मध्ये हॉलंडमधील गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी मांडली. त्यांनी रक्तातील तांबड्या पेशींतील मेद काढून तो पाण्यावर पसरविला आणि त्याने व्यापलेले क्षेत्र पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट असल्याचे दाखविले. पुढे असे आढळून आले की त्यांच्या प्रयोगात दोन चुका होत्या. सर्व मेद निघाला नव्हता, आणि पेशींचे क्षेत्रफळही प्रत्यक्षापेक्षा कमी धरले गेले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींस भरून काढले व निष्कर्ष बरोबर आला. निष्कर्ष खरा असला तरी त्यामागील मोजमाप खरे असतेच असे नाही, हा धडा आपणही जवळ बाळगण्यासारखा आहे.

जिवंत पेशीच्या आवरणात मेदाखेरीज शेकडो प्रकारची प्रथिने, कोलेस्टेरॉल आणि शर्करायुक्त द्रव्ये असतात. इतक्या गर्दीत एका औषधाचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते. म्हणून संशोधक केवळ निवडक मेदद्रव्यांचे साधे पटल तयार करतात. प्रथम एकेक द्रव्य ओळखावे व मग योग समजून घ्यावा, ही रीत द्रव्यगुणाच्या अभ्यासकांस अपरिचित नाही.

आधारासाठी अभ्रकच का?

इतके पातळ पटल निराधार राहू शकत नाही. त्याला आधार हवा, आणि तो आधार पटलाहून अधिक सपाट हवा. पाच नॅनोमीटर जाडीचे वस्त्र वीस नॅनोमीटर उंचीच्या खडबडीत जमिनीवर अंथरले तर दिसणारे चढउतार वस्त्राचे की जमिनीचे, हे सांगता येणार नाही. या कसोटीस उतरणारा, स्वस्त आणि सहज मिळणारा पदार्थ म्हणजे अभ्रक.

आपल्या वाचकांस अभ्रकाचा परिचय करून देण्याची आवश्यकता नाही. रसशास्त्रात महारसांच्या गणनेत अभ्रकास अग्रस्थान आहे. अग्नीवर टाकले असता होणाऱ्या वर्तनावरून पिनाक, दर्दुर, नाग व वज्र असे त्याचे भेद सांगितले आहेत, आणि भस्मासाठी वज्राभ्रक ग्राह्य मानले आहे. हे कृष्णवर्णी असून आधुनिक खनिजशास्त्र त्याची गणना बायोटाइट या प्रकारात करते. सूक्ष्मदर्शकाच्या कामी मात्र मस्कोव्हाइट हे श्वेत, पारदर्शक अभ्रक घेतात. झारखंडातील कोडरमा आणि आंध्र प्रदेशातील नेल्लोर हे भाग त्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहेत.

भस्म करताना आपण अभ्रकाचे पदर नाहीसे करतो. धान्याभ्रक करून, मर्दन व पुटे देऊन अखेर निश्चंद्रत्व येईपर्यंत, म्हणजे चमक पूर्ण जाईपर्यंत, संस्कार करतो. सूक्ष्मदर्शकाच्या अभ्यासकास नेमके उलट हवे असते. त्याला अभ्रकाचा पदर अखंड आणि लखलखीत हवा असतो. अभ्रकाचे पदर सुमारे एकेक नॅनोमीटर जाडीचे असून ते परस्परांपासून सुलभतेने विलग होतात. पत्रावर साधी सेलोटेप घट्ट चिकटवून ओढली की वरचे पदर निघून येतात आणि खाली हवेचाही स्पर्श न झालेला नवा पृष्ठभाग उघडा पडतो. विस्तीर्ण क्षेत्रावर अणूच्या मापाने सपाट असा हा पृष्ठभाग एका क्षणात, कोणत्याही यंत्राविना मिळतो. मात्र तो लगेच वापरावा लागतो, कारण हवेतील बाष्प व सेंद्रिय अंश त्यावर त्वरेने बसू लागतात.

अभ्रकाऐवजी काचेची कव्हरस्लिपही वापरतात. प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकासाठी काच अधिक सोयीची असते. परंतु काच तितकी सपाट नसते आणि ती स्वच्छ करण्यास फार परिश्रम पडतात. त्यासाठी साबणद्रव, तीव्र आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे मिश्रण किंवा प्लाझ्मा यंत्र वापरले जाते. आम्लाचे मिश्रण अत्यंत दाहक व स्फोटक असल्यामुळे ते प्रशिक्षित व्यक्तीनेच हाताळावे. काच स्वच्छ झाल्याचे लक्षण सोपे आहे : तिच्यावर टाकलेला पाण्याचा थेंब गोल न राहता पूर्ण पसरतो.

पटल तयार करण्याची रीत

घन पृष्ठभागावर द्विस्तरी पटल तयार करण्याची पद्धती अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात हार्डेन मॅक्कॉनेल यांच्या प्रयोगशाळेत १९८४-८५ च्या सुमारास विकसित झाली. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात पाण्यावर तरंगणारा मेदाचा एकेरी थर पत्रावर उचलून घेतात व त्यावर दुसरा थर बसवितात. दुसऱ्यात मेदाच्या सूक्ष्म पुटिका पत्रावर सोडतात आणि त्या फुटून आपोआप पटल होते. दुसरी रीत अधिक सुलभ असल्याने आज तीच बहुप्रचलित आहे. तिच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली पायरी द्रव्यग्रहणाची. अंड्याच्या बलकातील किंवा सोयाबीनमधील लेसिथिन, अथवा प्रयोगशाळेत तयार केलेले शुद्ध फॉस्फोलिपिड, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवितात. भांडे काचेचेच हवे. क्लोरोफॉर्म प्लॅस्टिकचा अंश आपल्यात घेतो व तो पुढे पटलात येतो. मग नायट्रोजनच्या मंद झोताने द्रावक उडवून भांड्याच्या तळाशी मेदाचा पातळ लेप शिल्लक ठेवतात आणि उरलासुरला क्लोरोफॉर्म निघून जावा म्हणून भांडे व्हॅक्यूममध्ये काही काळ ठेवतात. नायट्रोजन घेण्याचे कारण आपणांस परिचित आहे. ज्या प्राणवायूमुळे जुने तेल खवट होते, तोच या मेदासही बिघडवितो.

दुसरी पायरी जलयोगाची. लेपावर क्षार व बफर मिसळलेले शुद्ध पाणी घालून हलवितात. लेप फुगतो, सुटतो आणि पाणी दुधाळ होते. त्यात कांद्यासारख्या अनेक पदरांच्या पुटिका असतात. या वेळी तपमान महत्त्वाचे ठरते. प्रत्येक फॉस्फोलिपिडचा विशिष्ट तपमानास घट्ट अवस्थेतून प्रवाही अवस्थेत पालट होतो. डीपीपीसी या द्रव्याचा तो सुमारे ४१ अंश सेल्सिअसला होतो, तर डीओपीसीचा शून्याच्या खाली सुमारे १७ अंशांस होतो. जलयोग नेहमी या तपमानाच्या वर करावा लागतो. थिजलेल्या तुपात कल्क एकजीव होत नाही, तसेच हे समजावे.

तिसरी पायरी पुटिका लहान करण्याची. दुधाळ द्रव १०० नॅनोमीटर किंवा त्याहून सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून दोन सिरिंजच्या साहाय्याने पुनःपुन्हा ढकलतात. फेऱ्यांची संख्या विषम ठेवतात, जेणेकरून अखेरचा द्रव दुसऱ्या बाजूच्या सिरिंजमध्ये मिळावा व न गाळलेला अंश त्यात येऊ नये. पर्यायाने सोनिकेटर या ध्वनिलहरींच्या यंत्राने पुटिका फोडतात. दुधाळपणा कमी होऊन द्रव जवळजवळ पारदर्शक होऊ लागला की पुटिका लहान व एकपदरी झाल्या असे समजतात.

चौथी पायरी पटलबंधाची. नुकताच पदर काढलेल्या अभ्रकावर हा द्रव सोडतात. अभ्रकाचा पृष्ठभाग पाण्यात ऋणभारित असल्यामुळे बहुधा त्यात काही मिलिमोल कॅल्शियमचा क्षार घालतात. कॅल्शियम पुटिकांस अभ्रकाकडे ओढून धरण्याचे काम करते. पुटिका पृष्ठभागास चिकटतात, दबून चपट्या होतात, फुटतात आणि परस्परांत मिळून सलग पटल बनते. यास सामान्यतः १५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत अवधी लागतो. नंतर ताज्या बफरने वरचेवर धुऊन उरलेल्या पुटिका काढून टाकतात.

यापुढे एकच पथ्य, परंतु ते अत्यंत कडक. पटल पाण्याबाहेर येता कामा नये. एकदा हवेचा संपर्क झाला की ते उखडते व त्याच्या गुठळ्या होतात. धुताना शिरलेला हवेचा बुडबुडाही वाटेतील पटल खरवडून नेतो. पटल आणि अभ्रक यांच्यामध्ये सुमारे एक-दोन नॅनोमीटरचा पाण्याचा थर राहतो. त्या थरामुळेच पटलातील रेणू मोकळेपणाने सरकू शकतात.

सिद्धीची लक्षणे

स्नेहसिद्धी ओळखण्यासाठी आपण कल्काची वर्ती होते का, अग्नीवर टाकल्यास शब्द होतो का, तेलावर फेन येतो का व घृताचा फेन शमतो का, ही लक्षणे पाहतो. ती न पाहता केलेला पाक आपण ग्राह्य मानीत नाही. मेदपटलाचीही अशीच सिद्धिलक्षणे आहेत आणि औषध घालण्यापूर्वी ती पाहिलीच पाहिजेत.

पहिले लक्षण प्रवाहित्व. पटल तयार करताना त्यात शेकडा एकाहून कमी प्रमाणात प्रतिदीप्त रंगाने अंकित केलेले मेदरेणू मिसळतात. सूक्ष्मदर्शकाखाली सारे क्षेत्र एकसारखे उजळलेले दिसते. मग तीव्र प्रकाशाने एका लहानशा वर्तुळातील रंग नष्ट करतात. पटल सिद्ध असेल तर भोवतालचे उजळ रेणू आत सरकून काही वेळात ते काळे वर्तुळ भरून येते. केवळ न फुटलेल्या पुटिका चिकटलेल्या असतील तर त्या एकमेकींशी जोडलेल्या नसल्याने वर्तुळ काळेच राहते. नुसता उजेड दिसणे म्हणजे पटल होणे नव्हे.

दुसरे लक्षण जाडी. ती अणुबल सूक्ष्मदर्शकाने मोजतात. या यंत्राचा शोध १९८६ मध्ये बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी लावला. त्यात भिंग नसते. सुमारे दहा नॅनोमीटर त्रिज्येचे अतिसूक्ष्म टोक पृष्ठभागावरून फिरविले जाते आणि त्याच्या हालचालीवरून चढउताराचा आलेख तयार होतो. हे यंत्र पाण्यात बुडालेल्या नमुन्यावरही काम करू शकते, म्हणून मेदपटलासाठी ते विशेष उपयुक्त आहे. पटलात कोठे छिद्र असेल तर त्याच्या कडेशी सुमारे ४ ते ५ नॅनोमीटरची पायरी दिसली पाहिजे. पायरी वीस-तीस नॅनोमीटर असेल तर ते पटल नव्हे, पुटिकांचा किंवा अनेक थरांचा ढीग होय.

तिसरे लक्षण बल. टोक पटलावर दाबत नेल्यास एका ठराविक बलास ते पटल भेदून एकदम अभ्रकावर जाऊन टेकते. भेदनास लागणारे बल पटलाच्या घटकांवर व तपमानावर अवलंबून असते. औषध घालण्यापूर्वीचे आणि नंतरचे बल यांची तुलना केली म्हणजे औषधाने पटल मृदू झाले की दृढ, हे संख्येने सांगता येते.

मुंबई व पुणे येथील दोन उदाहरणे

या विद्येचे उत्तम कार्य महाराष्ट्रातच चालू आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदीप्त मैती यांच्या गटाने सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक द्रव्याचा मेदपटलावरील परिणाम अभ्यासला. सेरोटोनिन पेशीवरील विशिष्ट ग्राहक प्रथिनांशी जोडले जाऊन कार्य करते, हे पूर्वीपासून ज्ञात होते. या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यात, कोणतेही ग्राहक प्रथिन नसलेल्या केवळ मेदाच्या पटलावरही सेरोटोनिनचा परिणाम होतो व पटल अधिक मृदू होते, असे दाखविले. त्यासाठी वर सांगितलेले भेदनबलाचे मापन उपयोगी पडले. पटलात प्रथिन नव्हतेच, म्हणून परिणाम मेदाचा होता असे निःशंकपणे म्हणता आले.

दुसरे उदाहरण पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील, म्हणजे २००६ मध्ये स्थापन झालेल्या आयसर, पुणे येथील आहे. तेथे थॉमस पुकाडिल यांच्या गटाने सपाट पटलाऐवजी काचेवर आडव्या पसरलेल्या अतिसूक्ष्म मेदनलिका तयार करण्याची रीत सिद्ध केली. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. मेद चिकटू नये असा लेप दिलेल्या काचेवर मेदद्रव्य वाळवितात, त्यावर बफर सोडून ते फुगवितात, आणि मग प्रवाह देऊन फुगलेल्या मेदाच्या लांब नलिका ओढतात. त्यावर डायनॅमिन हे प्रथिन व ऊर्जेसाठी जीटीपी हे द्रव्य सोडले असता नलिका जागोजागी छेदली जाते, हे प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येते. पटल छेदू शकणारी आणि न छेदू शकणारी प्रथिने यांत भेद करण्याचे ते सुलभ साधन ठरले. पुकाडिल यांना २०१८ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

या दोन्ही कार्यांत एक समान सूत्र आहे. प्रश्न एकच आणि नेमका होता. पटलात काय आहे व काय नाही, हे आधीच निश्चित केलेले होते. आणि निष्कर्ष त्या पटलापुरताच मांडला गेला. सेरोटोनिनने पटल मृदू होते म्हणून अमुक व्याधी बरा होतो, अशी उडी कोणी घेतली नाही.

हरिद्रेचे उदाहरण

आष्ट्याच्या परिसरात ऊस आणि हळद ही जिव्हाळ्याची पिके. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. साहजिकच आपल्या भागातील अनेक औषधशाळा हरिद्रेचे कल्प करतात आणि त्यांच्या पत्रकांत कुर्क्युमिनचा उल्लेख असतो.

कुर्क्युमिन आणि मेदपटल यांचा संबंध पुष्कळ अभ्यासला गेला आहे. कुर्क्युमिन पटलात शिरते व त्याची जाडी कमी करते, असे २००८ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले गेले. वरवर पाहता आपल्या पत्रकातील वाक्यास हा भक्कम आधार वाटेल. परंतु २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने याची दुसरी बाजू पुढे आणली. कुर्क्युमिनसह अनेक वनस्पतिज द्रव्ये पटलाचे गुणधर्म बदलतात, आणि त्यामुळे पटलात बसलेल्या, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या प्रथिनांचे कार्यही बदलते, असे त्यात दिसून आले. याचा अर्थ असा की, असे द्रव्य परीक्षानळीतील कित्येक चाचण्यांत ‘गुणकारी’ दिसू शकते. प्रत्यक्षात ते विशिष्ट लक्ष्यावर कार्य करीत नसून सर्वत्र पटलासच ढवळीत असते.

याखेरीज व्यावहारिक अडचणी आहेत. कुर्क्युमिन स्वतःच प्रतिदीप्त आहे. म्हणून दिसणारा उजेड पटलातील रंगाचा की हरिद्रेचा, हे वेगळे काढावे लागते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने मद्यार्कासारख्या द्रावकातून घालावे लागते, आणि तो द्रावकही पटलावर परिणाम करतो. म्हणून केवळ द्रावक घातलेले तुलनापटल अनिवार्य ठरते. शरीराच्या तपमानास, रक्ताइतक्या किंचित अल्कधर्मी द्रवात कुर्क्युमिनचा बहुतांश अर्ध्या तासात विघटित होतो. तासाभराने पाहिलेला परिणाम मग कोणाचा मानावयाचा? शिवाय अशा प्रयोगांत वापरलेली तीव्रता मुखावाटे घेतलेल्या हरिद्रेने रक्तात येणाऱ्या तीव्रतेहून सामान्यतः कितीतरी अधिक असते.

यावरून हरिद्रा निरुपयोगी ठरते असे मुळीच नाही. पटलावरील चित्र हा चिकित्सेचा पुरावा नव्हे, एवढाच याचा अर्थ आहे.

घृत आणि पटल

आता मूळ वाक्याकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील स्नेहाध्यायात सर्पि, तैल, वसा व मज्जा असे चार श्रेष्ठ स्नेह सांगून संस्कारानुवर्तनामुळे घृतास प्राधान्य दिले आहे. हा सिद्धांत स्वतंत्र आहे आणि त्याला पेशीपटलाच्या टेकूची आवश्यकता नाही. परंतु टेकू द्यावयाचाच असेल तर तो खरा हवा.

‘मेद’ या एका शब्दात येथे दोन भिन्न द्रव्ये मिसळली जातात. पेशीपटल फॉस्फोलिपिडांचे असते, तर घृत व तिळतेल जवळजवळ संपूर्णपणे ट्रायग्लिसराइडांचे असते. ट्रायग्लिसराइडास तसे जलस्नेही शीर्ष नसते, म्हणून त्याचे द्विस्तरी पटल बनत नाही. पाण्याखालील अभ्रकावर घृत सोडल्यास पटल न होता त्याचे थेंब किंवा गोळे होतात. अशा थेंबांचे चित्र ‘औषधयुक्त पटल’ म्हणून कोणी दाखविल्यास त्याची जाडी किती, हे प्रथम विचारावे.

गंमत अशी की, दुधात पटलद्रव्य असते. दुधातील स्निग्धांशाच्या प्रत्येक कणाभोवती गाईच्या पेशीपासून आलेले फॉस्फोलिपिडयुक्त आवरण असते. घुसळताना ते आवरण फुटते आणि त्याचा मोठा भाग ताकात जातो. लोण्यात राहिलेला अंश कढविताना बहुतांशी बेरीत उतरतो. म्हणजे ज्या द्रव्याच्या नावाने आपण घृताचे समर्थन करतो, ते द्रव्य घृत करताना आपणच बव्हंशी बाजूला काढलेले असते.

दुसरी गोष्ट पचनाची. मुखावाटे घेतलेले घृत जसेच्या तसे पेशीपर्यंत पोहोचत नाही. आतड्यात पाचकरस त्याचे मेदाम्लांत व मोनोग्लिसराइडांत विघटन करतात, पित्तातील क्षार त्यांस सूक्ष्म कणांत सामावून घेतात, आतड्याच्या पेशींत त्यांचे पुन्हा ट्रायग्लिसराइड होते आणि ते लसीकावाहिन्यांतून रक्तात येते. ‘घृत मेदमय, पटल मेदमय’ या युक्तिवादात हा सारा प्रवास गाळला जातो. वास्तविक घृताच्या माध्यमास असलेला खरा आधार या प्रवासातच आहे. स्निग्ध आहाराबरोबर पित्तस्राव वाढतो आणि मेदात विरघळणाऱ्या द्रव्यांचे शोषण सुधारते. अ, ड, इ आणि के जीवनसत्त्वांच्या बाबतीत हे सर्वमान्य आहे. अनुपानाच्या आपल्या कल्पनेशी ते सुसंगतही आहे.

प्रयोगशाळेकडे जाण्यापूर्वी

एखाद्या औषधशाळेस आपल्या कल्पाचे असे परीक्षण करून घ्यावयाचे असेल तर मार्ग बंद नाहीत. आष्ट्यात आयुर्वेद, औषधनिर्माणशास्त्र आणि अभियांत्रिकी अशी तिन्ही महाविद्यालये आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सामायिक उपकरण केंद्र आहे. मात्र अणुबल सूक्ष्मदर्शक आहे एवढ्यावर थांबू नये. तो द्रवाखाली काम करू शकतो का, याची चौकशी आधी करावी. तसेच अहवाल हाती आल्यावर पुढील प्रश्न अवश्य विचारावेत.

पटल कोणत्या मेदद्रव्याचे होते आणि त्यात कोलेस्टेरॉल होते का? रिठ्यासारख्या द्रव्यांतील कित्येक सॅपोनिने कोलेस्टेरॉलशी बद्ध होऊन पटलास छिद्रे पाडतात, म्हणून कोलेस्टेरॉलसह व त्याविना अशी दोन्ही पटले पाहणे इष्ट. प्रयोग कोणत्या तपमानास झाला? औषध घालण्यापूर्वी पटलाचे प्रवाहित्व किंवा जाडी पाहिली होती का? केवळ द्रावक घातलेले तुलनापटल होते का? औषधाची तीव्रता किती, आणि नेहमीच्या मात्रेशी तिचा संबंध काय? प्रयोग किती वेळा, किती पटलांवर केला? एका अभ्रकपत्रावरील एका चौकोनाचे सुंदर चित्र म्हणजे प्रयोग नव्हे. एकाच घाण्यावरून आपण पाकविधी निश्चित करीत नाही, हे येथेही लागू आहे.

संपूर्ण सिद्धघृत किंवा क्वाथ पटलावर सोडण्याचा मोह टाळावा. त्यात शेकडो घटक असतात. पटल फाटले तर कोणत्या घटकाने, हे कळण्यास मार्ग राहत नाही. एक निश्चित घटक घेऊन एक निश्चित प्रश्न विचारावा. उत्तर ‘नाही’ असे आले तरी ते जपून ठेवावे.

उपसंहार

मेदपटलाचे हे तंत्र आपल्या शास्त्राचे प्रतिस्पर्धी नव्हे, आणि त्याचे प्रमाणपत्रही नव्हे. एखादे द्रव्य साध्या पटलाशी कसे वागते, एवढेच ते सांगते, आणि तेवढे मात्र प्रामाणिकपणे सांगते. जिवंत पेशी, तिच्यातील प्रथिने, पचन, रुग्णाची प्रकृती व व्याधी यांविषयी ते काही सांगत नाही. त्या गोष्टी जाणण्यासाठी वेगळी साधने आहेत, आणि त्यांतील सर्वांत जुने साधन, म्हणजे काळजीपूर्वक ठेवलेली रुग्णनोंद, आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे.

रुग्ण पत्रक वाचतो व त्यावर विश्वास ठेवून पैसे मोजतो. त्या पत्रकातील एखादे वाक्य विद्यार्थ्याच्या एका प्रश्नाने कोसळणार असेल, तर त्यासोबत उभी असलेली खरी वाक्येही संशयास्पद ठरतात. म्हणून आम्ही आमच्या पत्रकावरील ते वाक्य काढून टाकले. त्याच्या जागी आता एवढेच छापले आहे : ‘घृत हे या कल्पाचे शास्त्रोक्त माध्यम आहे. मेदात विरघळणाऱ्या द्रव्यांच्या शोषणास स्निग्ध माध्यम साहाय्यक ठरते.’ ज्या औषधशाळांच्या पत्रकांवर तशाच आशयाचे वाक्य असेल, त्यांनी पुढील छपाईपूर्वी ते एकदा तपासून पाहावे, अशी आमची नम्र विनंती आहे.